रक्तवाल्या बाई

बाईंनी माझी मुलाखत घेतली तेव्हा पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या घरात कोण नसलं तर घर चालायचं नाही?"

मी एम.एस्सी. झाले होते. येताना एसटीत पेशीविज्ञानाच्या नोट्स दोनदा वाचून काढल्या होत्या. त्यात हा प्रश्न नव्हता.

"आई," मी म्हटलं.

"बघितलंय?"

"काय?"

"आई नसताना काय होतं ते."

मी आठवून सांगितलं की मी नववीत असताना आईला टायफॉइड झाला होता. ती महिनाभर अंथरुणावर होती, तेव्हा मामी येऊन राहिली होती.

"घर चाललं?"

"चाललं."

"मग आई म्हणायचं नाही. माहीत नाही म्हणायचं."

त्यांनी माझ्या अर्जाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि सोमवारी या म्हणाल्या. बाकीचे प्रश्न झालेच नाहीत. घरी जाऊन मी हे सगळं जसंच्या तसं आईला सांगितलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बाई मूळच्या मुरबाडच्या. वडिलांचं तिथं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. शिकायला त्या मुंबईला गेल्या आणि पुढं तीसेक वर्षं तिथल्याच प्रयोगशाळांमधून काम केलं. त्यांच्याबरोबरचे सगळे एकेक करून परदेशी गेले, बाई गेल्या नाहीत. का गेला नाहीत असं कुणी विचारलं तर सांगायच्या, "कुणी बोलावलं नाही आणि मी विचारलं नाही." पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी मुंबईची नोकरी सोडली आणि शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर, किन्हवलीच्या अलीकडे, एका धर्मादाय ट्रस्टच्या इमारतीत स्वतःची प्रयोगशाळा उघडली. इमारत मुळात भाज्या साठवायचं शीतगृह म्हणून बांधलेली होती. भाज्या कधी आल्याच नाहीत. भिंती दीड फूट जाड होत्या आणि विजेची लाइन स्वतंत्र होती. ती लाइन कागदावर कधीच जात नसे.

आसपासच्या गावांत त्यांना रक्तवाली बाई म्हणत, कारण त्या रक्त मागत फिरायच्या. हे नाव त्यांना माहीत होतं. फोनवर कुणी ओळखलं नाही तर त्या स्वतःच सांगायच्या, "मी रक्तवाली बाई बोलते." मॅडम म्हटलेलं मात्र त्यांना चालत नसे. मॅडम म्हटलं की त्या मागं वळून बघायच्या, कुणी आलंय का म्हणून.

त्यांचं काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्या रक्तात काही पेशी अशा असतात की त्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं. आजार येतो, शरीरातून इशारे येतात, मग त्यांतली एखादी जंतूंच्या मागे लागणारी होते, एखादी पोटातल्या कृमींच्या, एखादी बाकीच्यांना आवरणारी. एकदा झाली की सहसा माघारी फिरत नाही. कोणत्या जनुकाच्या जोरावर कोण काय होतं, हे बाईंना शोधायचं होतं. त्यासाठी लाखो पेशी घ्यायच्या आणि प्रत्येकीतलं एकच जनुक तोडायचं, हिच्यातलं हे, तिच्यातलं ते. मग सगळ्यांना एकच शिकवणी लावायची. ज्या शिकल्या त्या एका बाजूला काढायच्या, ज्या नाही शिकल्या त्या दुसऱ्या बाजूला. आणि मग न शिकलेल्यांमध्ये कोणतं जनुक तुटलेलं पुन्हापुन्हा सापडतं ते मोजायचं.

हे सगळं बाई रक्त देणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या ओटीवर बसून सांगायच्या. सही किंवा अंगठा त्यानंतर. "समजलं का, असं विचारायचं नाही," त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. "समजलं का म्हटलं की माणूस हो म्हणतो. काय समजलं ते विचारायचं." एकदा सरळगावकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला त्यांनी असं विचारलं. तो म्हणाला, "तुमी रगत घेनार, त्यातला एकेक बारीक तुकडा बिघडवनार, आन् मंग बगनार काय काय बिघडलं."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "मी संशोधनाच्या पेपरात हेच लिहिते, पण बारा पानं लागतात."

पेशींना त्या मंडळी म्हणत. सकाळी आल्या आल्या चपला काढता काढता विचारायच्या, "मंडळी कशी आहेत?" मंडळी बरी असली तर मग माझी चौकशी व्हायची. दुपारी भाकरी आणि वालाची आमटी, रोज. भाजी बदलली तर पोट बिघडल्यावर कशामुळं बिघडलं ते कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. बोलायच्या अगदी पुस्तकी मराठीत, पण एखादी गोष्ट पक्की झाली की मुरबाड वर यायचं. बाई 'नाही' म्हणाल्या तर चर्चेला जागा असे. 'नाय' म्हणाल्या की विषय संपला.

आणि रजिस्टर. सगळे लोक संगणकात नोंदी ठेवतात, आम्हीही ठेवायचो, पण त्याआधी शाईच्या पेनानं जाड रजिस्टरात, मराठीत. खाडाखोड चालेल, पान फाडलेलं चालणार नाही. काय झालं ते आधी लिहायचं, का झालं ते नंतर.

त्यांना चिडलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. एकदा मुरबाडच्या एका शाळेनं विज्ञान दिनाला प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. सहावीतल्या एका मुलीनं पाठ केलेलं भाषण खणखणीत म्हटलं, "पांढऱ्या पेशी म्हणजे आपल्या शरीराचे शूर सैनिक." टाळ्या झाल्या. मागं तलवारी घेतलेल्या पेशींचा तक्ताही होता. बाई उठल्या, मुलीला शाबासकी दिली आणि मग तक्त्यासमोर उभ्या राहून पाऊण तास बोलल्या. सगळेच सैनिक असते तर माणूस आठवड्यात मेला असता, असं त्यांनी सहावीच्या वर्गाला सांगितलं. काही पेशींचं काम फक्त बाकीच्यांना पुरे म्हणणं असतं. त्या नसल्या तर बाकीच्या घरच्यांनाच मारत सुटतात. "तुमच्या वर्गात भांडण सोडवणारं कोण आहे?" त्यांनी विचारलं. पोरांनी मागच्या बाकावरच्या एका लठ्ठ मुलाकडे बोट दाखवलं. बाईंनी पाहुण्यांसाठी आणलेला नारळ त्याला दिला. मुख्याध्यापकांनी पुढच्या वर्षी एका पोलीस निरीक्षकांना बोलावलं.

म्हशाच्या जत्रेलाही त्या दर हिवाळ्यात जायच्या आणि मला न्यायच्या. लोक बैल घ्यायला, घोंगड्या घ्यायला जातात. बाई काहीच घ्यायच्या नाहीत. बैलबाजारात एका जुन्या व्यापाऱ्याजवळ घोंगडीवर बसून राहायच्या. तो खोंडांचे दात बघायचा, पाठीवर हात फिरवायचा. बाईंना त्याच्याकडून एवढंच हवं होतं, की कोणता खोंड नांगराचा होणार, कोणता गाडीचा आणि कोणता शर्यतीचा, हे कधी कळतं. पहिल्या वर्षी तो म्हणाला, "कळतं बाय." दुसऱ्या वर्षी म्हणाला, "दोन दाती झाला का कळतं." तिसऱ्या वर्षी बाईंनी विचारलं, "त्याच्या आधी नाहीच कळत?"

व्यापाऱ्यानं आजूबाजूला बघून घेतलं. "त्याच्या आधी कळतं म्हननारा इकनारा असतो," तो म्हणाला.

बाईंनी परत येऊन हे वाक्य कागदावर लिहिलं आणि इन्क्युबेटरच्या वरच्या भिंतीला चिकटवलं. परदेशातले एक प्राध्यापक आले होते, त्यांनी हे काय लिहिलंय म्हणून विचारलं. बाईंनी इंग्रजीत सांगितलं. त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं.

आता त्या कागदाच्या खालच्या इन्क्युबेटरबद्दल, म्हणजे पेशी उबेत ठेवायच्या कपाटाबद्दल.

मी लागल्यानंतर तिसऱ्या वर्षी आमचा मोठा प्रयोग झाला. दोन माणसांच्या रक्तातल्या पेशी, प्रत्येकीतलं एक जनुक तोडलेलं, आणि शिकवणी आवरणारी पेशी होण्याची. सदतीस अंशाला, न हलवता, दिवसेंदिवस. इन्क्युबेटर एकच होता. त्याचा गजर बाईंच्याच सांगण्यावरून बंद ठेवला होता, कारण वीज दिवसातून चार वेळा जायची आणि तो चारही वेळा ओरडायचा. वीज गेली की वॉचमनकाका जनरेटर सुरू करत, इन्क्युबेटर परत चालू झालाय ना हे मी बघायचं, असं ठरलेलं होतं.

शिकवणीच्या तिसऱ्या दिवशी बाई एका बैठकीला मुंबईला गेल्या होत्या. दुपारी बाराला आईचा फोन आला.

"ट्रक आलाय गो. धाकटीला बसवतायत."

आमचा पाडा डोळखांबच्या वर. दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्ट्यांवर जातो, भिवंडीच्या बाजूला, तो पावसाळ्याच्या तोंडावर परत येतो. माझे काका-काकी जात. काकीला तान्हं मूल होतं. ते सांभाळायला माझ्या धाकट्या बहिणीला न्यायचं, असं बाबांनी आणि काकांनी परस्पर ठरवलं होतं. ती सातवीत होती, आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहायची, सुट्टीला घरी आली होती. शाळा सुरू होऊन आठवडा झाला तरी तिला परत पाठवलेलं नव्हतं.

मी स्कूटी काढली आणि गेले. कुणाला सांगितलं नाही.

ट्रक पाड्याच्या वळणावर उभा होता. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि माणसं चढली होती. बहीण तान्ह्याला मांडीवर घेऊन टपाच्या मागं बसली होती. मी म्हटलं, "खाली उतर." ती बाबांकडे बघायला लागली. बाबा दुसरीकडे बघत होते. काकी म्हणाली, "सहा म्हैन्याचा तर प्रश्न हाय. परत येऊन शिकंल ना." मी ट्रकवर चढले, मूल काकीच्या मांडीवर ठेवलं आणि बहिणीच्या दंडाला धरून तिला उतरवलं. तिचं दप्तर आईनं आधीच दाराआड काढून ठेवलं होतं. मी तिला तशीच स्कूटीवर मागं बसवून वसतिगृहात सोडली. अधीक्षिकाबाई म्हणाल्या, "उशीर केलात." मी हो म्हटलं.

प्रयोगशाळेत परत आले तेव्हा साडेतीन झाले होते. वॉचमनकाकांनी सांगितलं, साडेबाराला लाइट गेली होती, लगेच जनरेटर लावला. मी आत गेले. इन्क्युबेटरचं बटण खाली पडलेलं होतं. काटा एकोणतीसवर.

मी बटण वर केलं. पेशी काढून बघितल्या. जिवंत होत्या. मेल्या असत्या तर मी लिहिलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. लिहायचं म्हणजे मी कुठं होते तेही लिहावं लागणार होतं. त्या दिवशीच्या पानावर मी लिहिलं, "तापमान ३७. विशेष काही नाही."

प्रयोगाचा निकाल आला तो असा की बाई खुर्चीत बसल्या. त्या काम करताना बसत नसत. न शिकलेल्या पेशींमध्ये एक जनुक पुन्हापुन्हा तुटलेलं सापडत होतं आणि ते काय करतं हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. नावाच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे. बाईंनी त्याला पाहुणा म्हणायला सुरुवात केली, घरात आहे पण काय करतो ते ठाऊक नाही म्हणून. पाहुण्याशिवाय आवरणारी पेशी होत नाही, असा आमचा शोध होता. पेपर छापून आला. पहिलं नाव माझं, शेवटचं बाईंचं. त्याच्या बळावर मला पीएच.डी.ला जागा मिळाली. ट्रस्टच्या अध्यक्षांनी नव्या इमारतीचा नकाशा करायला टाकला. ते कल्याणचे होते, बांधकामाच्या धंद्यातले, मनानं चांगले. त्यांनी आमच्या पाड्यावर माझा सत्कारही केला. बाबा पहिल्या रांगेत बसले होते.

मग बाईंनी तोच प्रयोग तिसऱ्या माणसाच्या रक्तावर केला. कुणी सांगितलं नव्हतं. पाहुणा कुठं नव्हताच. चौथ्या माणसाच्या रक्तावर केला. नाही. औषधांच्या बाटल्या बदलल्या, पाणी बदललं, प्लास्टिकच्या डिश दुसरीकडून मागवल्या. चार महिने त्या एकेक गोष्ट काढून बघत होत्या. मी बरोबर होते. मी पाणी बदललं, मी डिश मागवल्या. एकोणतीसचा आकडा मला रोज आठवायचा आणि रोज वाटायचं, एवढ्याशानं काय होतंय.

एका सकाळी रजिस्टर उघडलं तर बाईंच्या अक्षरात ओळ होती, "माझ्या हाताचा दोष असावा. आजपासून पिपेट मी धरणार नाही."

पिपेट म्हणजे थेंब मोजून घ्यायची आमची पिचकारी. तीस-पस्तीस वर्षं बाईंनी ती दुसऱ्याला महत्त्वाच्या कामात धरू दिली नव्हती. त्या दिवसापासून त्या माझ्या मागं स्टुलावर बसायला लागल्या. अधूनमधून उठायच्या, खिडकीपाशी जायच्या आणि उजवा हात उजेडात सरळ धरून त्याच्याकडे बघत राहायच्या. हात कापत नव्हता. मला दिसत होतं कापत नव्हता ते.

आठ दिवस मी हे बघितलं. नवव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, मी पिपेट हातात असतानाच त्यांना सगळं सांगितलं.

बाईंनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती अंश?"

"एकोणतीस."

"किती वेळ?"

"साडेबारा ते साडेतीन. तीन तास."

"शिकवणीचा कितवा दिवस?"

"तिसरा."

"लिही," त्या म्हणाल्या. "आजची तारीख घाल."

मी लिहिलं. काय झालं ते आधी. पुढं मी थांबले. त्या म्हणाल्या, "का झालं तेही." मी लिहिलं, बहिणीला ट्रकमधून उतरवायला गेले होते, न सांगता गेले होते, कळेल म्हणून नोंद केली नाही. त्यांनी पान वाचलं आणि खाली सही केली.

"बहीण कुठाय आता?"

"आठवीत गेली. वसतिगृहातच आहे."

"बरं," बाई म्हणाल्या. मग हात पुढं केला. "दे ती पिपेट इकडं."

मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या चौथ्या दिवशी रागावल्या. दुपारी भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "मला फोन केला असतास तर मी बैठक सोडून आले असते. चार महिने मी स्वतःला म्हातारी समजत होते." नंतर पूर्ण आठवडाभर त्यांनी माझ्याशी पेशींखेरीज एक शब्द काढला नाही. माझी चौकशी बंद झाली.

तोवर त्यांनी नवीन पेशी लावल्या होत्या आणि तिसऱ्या दिवशी इन्क्युबेटर स्वतःच्या हातानं तीन तास बंद ठेवला होता. त्या तीन तासांत त्या समोर स्टूल टाकून घड्याळ बघत बसल्या. निकाल आला तेव्हा पाहुणा परत सगळ्यात वर होता. म्हणजे जनुक खरं होतं. शिकत असताना गारठा लागला तर त्यातून पेशीला सावरायचं काम ते करत असावं. आम्ही त्याच्या नावावर भलतंच काम लावलं होतं.

बाईंनी छापलेला पेपर मागं घेतला. अध्यक्ष कल्याणहून गाडी करून आले. ते बाईंना ताई म्हणत.

"ताई, शोध तर खराच निघाला ना? मग मागं कशाला घ्यायचा? थोडी दुरुस्ती छापा."

"आम्ही जे लिहिलं ते खोटं आहे."

"कुणाला कळलं असतं?"

"जे करून बघतील त्यांना. दोन वर्षं करून बघतील, आणि मग स्वतःच्या हाताकडे बघत बसतील."

अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवला. "नवीन इमारतीचं ट्रस्टींना काय सांगू?"

"नाय म्हणून सांगा," बाई म्हणाल्या.

मागं घेण्याच्या पत्रात त्यांनी लिहिलं की तापमान उतरलं होतं, नोंद झाली नव्हती आणि जबाबदारी प्रयोगशाळेच्या प्रमुखाची आहे. माझं नाव त्यात घाला असं मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "गजर मी बंद करायला लावला होता. तुझं तू लिहिलंयस, ते रजिस्टरात आहे." पीएच.डी.ची जागा मी विद्यापीठाला स्वतः कळवून सोडली. दोन वर्षांनी परत परीक्षा देऊन मिळवली. गारठ्याचा तो छोटा पेपर पुढं एका छोट्या मासिकात आला. फार लोकांनी वाचला नाही. बाई आता मुरबाडला वडिलांच्या दुकानाच्या माळ्यावर राहतात. गेल्या महिन्यात भेटायला गेले तर खालच्या भाडेकरूला सायकलची चेन नीट मोजायला शिकवत होत्या.

पण प्रयोगशाळा बंद झाली त्या शेवटच्या महिन्याचं राहिलं.

ट्रस्टनं वर्षभरानं पैसे थांबवले. उपकरणं कुणी कुणी नेली. राहिल्या त्या द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवलेल्या पेशी, चाळीसेक माणसांच्या. नियमानं त्या नष्ट करायच्या आणि कागदावर लिहायचं, झालं. पण संमतीच्या कागदात बाईंनी आपल्या मनानं एक ओळ घातली होती, की नष्ट करण्याआधी तुम्हाला सांगू. तेव्हा सांगणं आलं. अकरा दिवस आम्ही माझ्या स्कूटीवरून शहापूर आणि मुरबाड पालथं घातलं. बहुतेकांना आपण रक्त दिलं होतं हेच आठवत नव्हतं. कुणी चहा दिला, कुणी काकड्या दिल्या. आटगावच्या एका रिक्षावाल्यानं विचारलं, "परत नाय भेटनार काय?" बाईंनी पेशी परत शरीरात का घालता येत नाहीत ते त्याला अर्धा तास समजावलं. त्याचं गिऱ्हाईक निघून गेलं.

शेवटचं घर डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावर होतं. रक्त एका बाईनं दिलं होतं. दारात तिचा नवरा नाचणीची कणसं झोडत बसला होता. बाईंनी तिचं नाव घेतलं.

"ती नाय," तो म्हणाला. "दोन वर्सं झाली. आवणीच्या टायमाला शेतात फुरसं चावलं."

बाई ओटीवर बसल्या. मला वाटलं, आता थोडं बसून आपण उठू. बाईंनी मात्र त्याला सगळं सांगितलं, जसं सगळ्यांना सांगितलं होतं तसंच. तुमच्या बायकोनं रक्त दिलं होतं, त्यातल्या काही पेशी आमच्याकडे ठेवलेल्या आहेत, आता जागा बंद होतेय. मला त्यांचा राग आला.

तो झोडायचा थांबला. "म्हंजे मेलेल्या?"

"नाही. गोठवलेल्या. गरम केल्या की उठतील."

"तिच्या?"

"तिच्याच."

कोंबड्या नाचणीत शिरल्या, त्यानं हाकलल्या नाहीत.

"दिसतात काय?" त्यानं विचारलं.

"दिसतात. पण एक दिवस लागेल उठायला."

"परवा येतो," तो म्हणाला.

तो आला, सकाळच्या पहिल्या जीपनं, इस्त्रीचा शर्ट घालून. आम्ही आदल्या दिवशी तिची एकुलती एक कुपी काढून पेशी उठवायला ठेवल्या होत्या. आमच्याकडे तो इन्क्युबेटर आणि एक सूक्ष्मदर्शक तेवढे उरले होते, ते न्यायला टेम्पो दुसऱ्या दिवशी येणार होता. बाईंनी त्याला आधीच सांगितलं, "उठवताना निम्म्या गेल्या. निम्म्या आहेत." त्यानं मान हलवली. स्टुलावर बसला. एक डोळा झाकायचा का म्हणून त्यानं विचारलं, मी म्हटलं, दोन्ही उघडे ठेवा.

"दानं दिसतात," तो म्हणाला. "वरईवानी."

"त्याच."

"हालत नाय."

"थोडं थांबा."

तो थांबला. मग म्हणाला, "एक सरकली." आणि थोड्या वेळानं, "ह्या काय काम करतात?"

"अजून काहीच नाही," बाई म्हणाल्या. "ह्यांचं अजून ठरायचं होतं."

तो बघत राहिला. पेशींची डिश पाच मिनिटांच्या वर बाहेर ठेवलेली बाईंना खपत नसे. त्या दिवशी तो पंधरा-वीस मिनिटं तरी बसला असेल. बाई त्याच्या बाजूला उभ्या होत्या, अधूनमधून स्क्रू थोडासा फिरवून देत होत्या.

शेवटी तो उठला. डोळे शर्टाच्या बाहीला पुसले. "आता काय करनार?"

"कागदात लिहिलंय नष्ट करायच्या. तुम्ही म्हणाल तेव्हा."

त्यानं विचार केला. "आजचा दिस ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "उद्या करा."

मी त्याला स्टँडवर सोडून आले. वाटेत तो पाऊस लांबला म्हणून नाचणी हलकी आली, एवढंच बोलला.

संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी बाई परत आत गेल्या. त्यांनी डिश काढली आणि जुनं खाद्य ओढून घेऊन पेशींना ताजं घातलं, अगदी मोजून, रोजच्यासारखं. दुसऱ्या दिवशी टाकून द्यायच्या पेशींना कुणी खाद्य घालत नाही. मी बाटलीचं झाकण हातात धरून त्यांचं होईपर्यंत उभी राहिले.